गाडीच्या वायरिंगचा बिघाड: घरचा मीटर, चौकातला वायरिंगवाला की कंपनीचं वर्कशॉप?

सेल्फ मारला की नुसतं टिक-टिक होतं. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो. हॉर्न आज वाजतो, उद्या मुका. अशा गाडीचा मालक जळगावात असो की धडगावात, त्याच्यापुढे वाटा तीनच असतात. एक तर स्वतः मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, घेऊन बसायचं, नाहीतर नेहमीच्या वायरिंगवाल्याकडे जायचं, नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपला नंबर लावायचा. बहुतेक जण ही वाट खिसा बघून ठरवतात, नाहीतर गाडीचं वय बघून. मला विचाराल तर ती बिघाडाची जात बघून ठरवावी. एकाच गाडीचा एक बिघाड चौकातला माणूस चहा संपायच्या आत काढतो, आणि त्याच गाडीच्या दुसऱ्या बिघाडाला त्याने हातही लावू नये.

आपल्याकडे वायरिंग बिघडतं कशाने, ते आधी बघू. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली तर त्याहून बराच वर. तिथे साध्या काळ्या टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सुटून लोंबते. वायरीवरचं आवरण कडक होऊन तडकतं. मग पावसाळ्यात त्याच तड्यातून पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. त्यात उंदीर. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला लागून, शहाद्याकडे उसाच्या फडाशेजारी, किंवा कापूस भरलेल्या खोलीच्या भिंतीशी गाडी आठ-दहा दिवस जागची हलली नाही, तर बॉनेटमध्ये उंदराने संसार थाटलाच म्हणून समजा. उरलेला वाटा आपला स्वतःचा. नवी गाडी दारात आली की पहिल्या महिन्यात म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, मोठा हॉर्न आणि जमलं तर बाहेरून सीएनजी किट. या प्रत्येकासाठी कुठे ना कुठे मूळ वायर सोलून जोड मारलेला असतो.

ही सगळी कारणं वायरीची, सांध्याची आणि अर्थची (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतायच्या वाटेची) आहेत, गाडीच्या कॉम्प्युटरची नाहीत. म्हणून पहिला संशय नेहमी वायरीवर घ्यावा, सुट्या भागावर नंतर.

टेस्ट लॅम्प, मीटर आणि स्कॅनर

माणसांची तुलना करण्याआधी हत्यारांची करतो, कारण समोरचा माणूस कोणतं हत्यार आधी काढतो यावरूनच त्याची पारख होते.

टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब, एक टोकदार सळई आणि एक चिमटा. स्वस्त आणि दणकट. त्याचा मोठा गुण असा की तो स्वतः करंट ओढतो. समजा, वायरीच्या आतल्या जवळजवळ सगळ्या तारा कुजल्या आणि उरलेली एखादी कशीबशी टेकलेली आहे. मल्टीमीटर लावला तर तो खुशाल १२.५ व्होल्ट दाखवेल, कारण त्याला वाचायला करंट जवळजवळ लागतच नाही. टेस्ट लॅम्प तिथे मंद पेटेल आणि खरं काय ते सांगेल. ‘लाइन येतेय की, मग लाइट का लागत नाही?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज ऐकू येतो, त्याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. एक गोष्ट मात्र बघून घ्या. ट्रकचं काम करणाऱ्याचा टेस्ट लॅम्प २४ व्होल्टचा असतो, आणि कारच्या १२ व्होल्टवर तो मुळातच मंद पेटतो.

पण हाच गुण नव्या गाडीत घातक ठरतो. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, बारीक वायरीत टेस्ट लॅम्प टोचला तर त्याने ओढलेला करंट आतल्या सर्किटला झेपेलच असं नाही. तिथे मल्टीमीटरच हवा.

मल्टीमीटर फसवतो तो फक्त चुकीच्या वेळी लावला तर. सर्किट बंद ठेवून व्होल्टेज बघण्यात अर्थ नाही, लोड, म्हणजे तो दिवा किंवा पंखा, चालू ठेवून बघायचं. एक तपासणी सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते गाडीमालकाने एकच गोष्ट शिकायची तर ही शिकावी. एक हेडलाइट मंद आहे असं धरा. तो चालू ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचं टोक, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल प्रोब बल्बच्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगच्या) मागून अर्थच्या पिनला. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. दीड व्होल्ट दिसला, तर तेवढा दाब अर्थच्या वाटेतच जिरतोय आणि बल्बच्या वाट्याला येतच नाही. आता लाल प्रोब बल्बपासून बॅटरीकडे एकेक टप्पा सरकवत न्या: आधी बॉडीवरचा अर्थचा बोल्ट, मग त्या बोल्टशेजारचा खरवडलेला पत्रा, मग बॅटरीची काळी केबल, शेवटी तिचा क्लॅम्प. ज्या दोन जागांच्या मधे आकडा एकदम उतरतो, बिघाड तिथेच. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच करायचं, लाल प्रोब बॅटरीच्या खांबावर आणि काळा बल्बच्या लाइनच्या पिनला.

चोपड्याच्या एका दादांच्या गाडीत ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावायचा. बल्ब बदलून झाले होते, फ्लॅशर बदलून झाला होता. डिकीचं कार्पेट उचललं तर टेललॅम्पच्या मागे अर्थचा बोल्ट गंजून तांबडा झालेला. दिव्याला परतीची वाट नीट मिळेना, म्हणून ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढत होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा वॉशर टाकून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. काम झालं. दोन-तीन दिवे एकाच वेळी विचित्र वागायला लागले की आधी त्यांचा सामाईक अर्थ शोधा.

स्कॅनरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ‘कॉम्प्युटर लावला की कळतं’ असं म्हणतात, पण कॉम्प्युटर पार्ट सांगत नाही, सर्किट सांगतो. पी०११८ कोड आला तर त्याचा अर्थ कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट ‘हाय’, म्हणजे व्होल्टेज हवं त्याहून जास्त, आहे, एवढाच. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल किंवा कपलरची पिन मागे सरकली असेल. सेन्सर बदलण्याआधी त्याचा कपलर काढा आणि त्याच्या दोन पिना एका छोट्या वायरीने जोडा. आता कोड पी०११७, म्हणजे ‘लो’ झाला, तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. कोड तोच राहिला तर सेन्सर बिचारा निर्दोष, वायर शोधा. गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) लावून मोबाइलला जोडायचा स्वस्तातला अडॅप्टर इंजिनचे कोड वाचायला पुरतो, पण एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग आणि बॉडी यांच्या मॉड्युलचे, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरचे, कोड तो बहुतेक वेळा दाखवत नाही.

घरात एकच वस्तू ठेवायची तर मल्टीमीटर ठेवा. काही शेकड्यांत मिळतो आणि या तिघांत सर्वांत जास्त बिघाड तोच दाखवतो.

चौकातला माणूस आणि काचेचं शोरूम

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे हायवे एकमेकांना छेदतात. रात्रंदिवस गाड्या, त्यामुळे वायरिंगला हात बसलेली माणसं तिथे सापडतात. जळगाव-भुसावळकडेही आहेत, आणि तालुक्याच्या गावी निदान एक तरी असतोच. या माणसाची खरी ताकद शॉर्ट शोधण्यात दिसते. फ्यूज घातला की उडतोय, पुन्हा घातला की पुन्हा उडतोय, अशा वेळी तो फ्यूज वाया घालवत बसत नाही. फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडतो. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंटही त्या बल्बापुरताच वाहतो, म्हणून वायर तापत नाही. मग तो हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत पुढे सरकतो, एकेक कपलर काढत जातो. बल्ब विझला किंवा मंदावला की जागा सापडली. दाराच्या बिजागरीतला रबरी पाइप, डिकीच्या झाकणाची वायर, इंजिनच्या ब्रॅकेटवर घासणारा हार्नेस, बॅटरीच्या ट्रेखालचा कोपरा. या जागा त्याला तोंडपाठ असतात. हे ज्ञान कोणत्याही स्कॅनरमध्ये नाही आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

जुनी जीप, काळी-पिवळी, पंधरा वर्षांची डिझेल गाडी यांच्यासाठी तर दुसरा विचारच नको. त्यांच्या वायरिंगमध्ये कॉम्प्युटर एक तर नाही, नाहीतर नावापुरता.

त्याची कमजोरी दोन जागी. पहिली म्हणजे ‘डायरेक्ट’ करून देण्याची सवय. रेडिएटरचा पंखा चालत नाही? चावीवरून डायरेक्ट. काम चालतं, पण मूळ दोष तसाच राहतो, आणि पुढच्या माणसाला ती वायर कुठून कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. दुसरी म्हणजे जोड. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात तग धरत नाही. नुसतं डाग दिलेला जोड पिळलेल्यापेक्षा बरा, पण कथील तारांत चढून तिथली वायर ताठ होते आणि इंजिनच्या हादऱ्याने बरोबर त्या कडेला तुटते. नीट दाबून केलेलं क्रिम्पिंग आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, हाच बॉनेटखाली टिकणारा जोड. म्हणून भाव विचारण्याआधी हे विचारा: ‘भाऊ, जोड कसा मारणार? स्लीव्ह आहे का?’ आणि नुसतं बघा, की बॉनेट उघडल्यावर त्याच्या हातात आधी काय येतं. मीटर किंवा टेस्ट लॅम्प आला तर गाडी निवांत सोडा. कटर आला तर थांबवा.

कंपनीच्या वर्कशॉपकडे तीन गोष्टी आहेत ज्या चौकात नाहीत: गाडीचा पूर्ण वायरिंग डायग्रॅम, सगळी मॉड्युल वाचणारा स्कॅनर आणि नवं मॉड्युल किंवा नवी चावी गाडीला ओळखायला लावण्याची सोय. वॉरंटीतली गाडी तर दुसरीकडे उघडूच नये. बाहेरून कापलेल्या वायरीमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, आणि एकदा वायर कापली की मूळ दोष कंपनीचा होता हे सांगायला आपल्याकडे काही उरत नाही.

पण वायर दुरुस्त करायची त्यांची तयारी कमी असते. उंदराने चार वायरी कुरतडल्या तरी अंदाजपत्रकात अख्खा हार्नेस येतो. त्यामागे कारण आहे, जोड मारून दिलेल्या कामाची हमी त्यांना द्यायची नसते. तरी मालकाला तो खर्च आणि पार्ट येईपर्यंतचा खोळंबा सोसावाच लागतो. शिवाय कधी होतो, कधी नाही, असा बिघाड तिथे हमखास लपतो. गाडी त्यांच्या फरशीवर थंड उभी असते, आणि दोष दिसतो तो दुपारी दोनला, तापलेल्या इंजिनवर, खड्ड्यातून गेल्यावर. ‘आमच्याकडे तर चालतेय’ हे उत्तर घेऊन अक्कलकुव्यापर्यंत पुन्हा तेवढंच अंतर परत यायचं, हे फार जिवावर येतं. अशा वेळी नुसतं तोंडी सांगू नका. दोष दिसला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, मीटर लागला असेल तर आकडा दिसू द्या, आणि जॉब कार्डवर ‘बॅटरी बदला’ असं न लिहिता ‘तापल्यावर, हादरा बसला की हॉर्न आणि पंखा दोन्ही एकदम बंद पडतात’ असं लक्षण लिहायला लावा.

उंदराने कुरतडलेला साधा हार्नेस, म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर, पंखा यांचा, मी चांगल्या वायरिंगवाल्याकडेच नेईन. इंजेक्टरच्या, एबीएसच्या वायरींना दात लागले असतील तर कंपनीकडे, मग खर्च होवो.

बॅटरी रात्रीत उतरते तेव्हा

या तक्रारीवर सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून तिला वेगळी जागा देतो. दुकानदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बॅटरी गेली’. जाते, उन्हाने आपल्याकडे बॅटऱ्या लवकर जातात हे खरंच आहे. पण आधी चार आकडे घ्या. रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ असते, १२ वर आली म्हणजे बरीच रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत, मात्र काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे हा आकडा खालीवर करतो. चार्जिंग ठीक, बॅटरी भरलेली असताना सेल्फही दमदार, तरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बंद, असं असेल तर बंद गाडीत काहीतरी करंट खातंय.

बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत खाणं चालतं, घड्याळ आणि अलार्मपुरतं. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी तिसऱ्या दिवशी रिकामी. हा चोर घरबसल्या पकडता येतो. गाडी बंद करा, बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत आणा, चावी दूर ठेवा आणि मॉड्युल झोपायला अर्धा-पाऊण तास द्या. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दिसणाऱ्या दोन धातूच्या ठिपक्यांना प्रोब लावत जा. ज्या फ्यूजमधून करंट वाहत नाही तिथे शून्य दिसेल. जिथे आकडा दिसला, ती लाइन जागी आहे. फ्यूज उपटायची पद्धत मला पसंत नाही, कारण एक फ्यूज काढून परत बसवला की झोपलेलं मॉड्युल जागं होतं आणि सगळं मोजमाप बिघडतं.

चोर बहुतेक वेळा बाहेरून बसवलेलाच निघतो: म्युझिक सिस्टिम, जीपीएस, डॅशकॅम, नाहीतर चिकटून राहिलेला रिले (करंटने चालणारा छोटा स्विच). एवढं स्वतः करून ‘या फ्यूजच्या लाइनवर करंट जातोय’ असं वायरिंगवाल्याला सांगितलं तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं, आणि बिलातही ते दिसतं. इथे घरचा मीटर इतर दोघांपेक्षा सरस आहे. गाडी अर्धा-पाऊण तास शांत उभी ठेवणं भरल्या गॅरेजमध्ये कोणालाच परवडत नाही.

जिथे हात लावायचा नाही

पिवळं आवरण, पिवळा कपलर म्हणजे एअरबॅग. तिथे टेस्ट लॅम्प नाही, मीटर नाही, चौकातला माणूस नाही. टेस्ट लॅम्पचा करंट एअरबॅग फोडू शकतो. नारिंगी केबल म्हणजे इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीचं उच्च दाबाचं सर्किट, ते जिवावर बेतणारं काम. हे दोन्ही प्रशिक्षित माणसाकडेच.

डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम पेटले, कोडची सुरुवात ‘यू’ने होतेय, तर मॉड्युल एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. त्यांचं बोलणं एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरींवरून, म्हणजे कॅन लाइनवरून, चालतं. मालकाला हवंच असेल तर एक मोजमाप करता येतं. बॅटरीची केबल काढून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. ६० ओहमच्या आसपास असेल तर वायरी शाबूत. १२० आला तर एका टोकाकडे लाइन तुटलेली, शून्याजवळ आला तर दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या. गेटवे, म्हणजे पोर्ट आणि लाइनच्या मधे वेगळं मॉड्युल, असलेल्या काही गाड्यांत हा आकडा पोर्टवर दिसत नाही. त्याहून पुढे घरी जाऊ नका. इथे कंपनीचं वर्कशॉप, किंवा पूर्ण स्कॅनर आणि डायग्रॅम दोन्ही बाळगणारा शहरातला स्वतंत्र इलेक्ट्रिशियन.

रात्री घाटात बंद पडली तर

चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना रात्री दिवे गेले, तर तुलना करायला वेळ नसतो, गाडी सुखरूप खाली आणायची असते. गाडी कडेला घ्या, पार्किंगचे इंडिकेटर लावा, ते लागत नसतील तर मागे त्रिकोण ठेवा. मग फ्यूज बघा. १० अँपिअरचा उडाला असेल तर १० चाच घाला. तो लगेच उडाला तर तिथेच थांबा. ३० चा घालायचा नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाही, तांब्याची तार तर नाहीच. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो जाडा केला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती हार्नेसच्या पोटात असते, जिथली आग आपल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. फ्यूज शाबूत असेल तर हॉर्नचा रिले उपटून हेडलाइटच्या जागी घालून बघा, बऱ्याच गाड्यांत ते एकसारखे असतात, पायांची रचना आणि वर छापलेला नंबर जुळला म्हणजे झालं. तेही नसेल तर बॅटरीचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. सैल क्लॅम्पने अख्खी गाडी मेल्यासारखी होते.

वाटेत एखाद्या ढाब्याजवळच्या माणसाने ‘डायरेक्ट’ करून दिलं तर नाही म्हणू नका, फक्त त्या वायरीच्या सुरुवातीला, बॅटरीजवळ, फ्यूज घालायला लावा. कुठून कुठे वायर टाकली त्याचा फोटो काढून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या वायरिंगवाल्याला दोष शोधायला सांगण्याआधी तो फोटो दाखवा. नाहीतर तो मूळ बिघाड सोडून रात्रीचीच वायर तपासत बसेल.